प्रवरेच्या उगमाकडे : भंडारदरा परिसराचा पाठ, वर्गात आणि वर्गाबाहेर



आमची शाळा प्रवरेच्या कालव्यावरची. वर्गाच्या खिडकीतून ऊस दिसतो. आवर्तन सुटलं की मधल्या सुट्टीत अर्धी पोरं कालव्याकडे तोंड करून उभी असतात. पण हे पाणी येतं कुठून, असं चौथीच्या वर्गात विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘धरणातून.’ धरणात कुठून येतं? ‘पावसातून.’ मग आपल्याकडे पाऊस एवढा कमी आणि कालवा भरून कसा वाहतो? इथं वर्ग गप्प होतो. परिसर अभ्यासात नदी, धरण, पाऊस, जंगल, जुन्या वास्तू असे सगळे घटक आहेत, पण ते वेगवेगळ्या पानांवर. अकोले तालुक्याचा पश्चिमेकडचा कोपरा, म्हणजे भंडारदरा, रतनवाडी, घाटघर हा भाग, असा आहे की तिथं ही सगळी पानं एकाच ठिकाणी बघायला मिळतात. म्हणून सहलीच्या आधी वर्गात चार-पाच तासिका आणि मग प्रत्यक्ष भेट, असा पाठ मी बांधला. तो इथं देते. पालकांना मुलांना घेऊन घरच्या घरी जायचं असेल तरी उपयोगी पडेल.

सुरुवात पावसाच्या मापाने करा. मुलांना मिलिमीटर हा शब्द बातम्यांतून माहीत असतो, अर्थ माहीत नसतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. हे एकदा पक्कं झालं की पुढचं सगळं सोपं जातं. राहाता-श्रीरामपूरकडे वर्षभरात पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तो सगळा साठवला आणि जमिनीत मुरलाच नाही असं समजलं, तर पाणी चौथीतल्या मुलाच्या गुडघ्याच्या थोडं वर येईल. घाटघर-रतनवाडीला चांगल्या हंगामात चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस होतो. तो साठवला तर आपल्या वर्गाचं छत बुडेल! मी भिंतीवर खडूने दोन रेघा मारल्या, एक गुडघ्याशी आणि दुसरीसाठी स्टुलावर चढून छताला टेकवून. या दोन रेघांनी जे काम केलं ते नकाशाने केलं नसतं. एकाच जिल्ह्यातली ही दोन टोकं. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीच्या कड्याला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि तिथंच रिते होतात. पूर्वेकडे आपल्यापर्यंत येतं ते उरलंसुरलं.

मग धरण. प्रवरा रतनगडाच्या कुशीत उगम पावते आणि थोड्याच अंतरावर तिला भंडारदऱ्याची भिंत अडवते. धरणाचं काम १९१० मध्ये सुरू झालं आणि १९२६ मध्ये पूर्ण झालं. तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या नावावरून विल्सन डॅम. भिंत दगडी आहे, सुमारे २७० फूट उंच. साठा ११,०३९ दशलक्ष घनफूट, म्हणजे बातम्यांत म्हणतात ते ‘अकरा टीएमसी’. लिटरमध्ये काढलं तर सुमारे एकतीस हजार कोटी लिटर. हा हिशेब सहावी-सातवीच्या मुलांकडून करून घ्या, शून्यं मोजताना वर्गात मजा येते. पाणी नदीतून खाली संगमनेरजवळच्या ओझर बंधाऱ्यापर्यंत येतं आणि तिथून डावा-उजवा कालवा सुटतो. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला तो याच पाण्यावरच्या उसाच्या भरवशावर. पुढे नदी नेवाशाला जाते, जिथं ज्ञानेश्वरी सांगितली गेली, आणि प्रवरासंगमला गोदावरीला मिळते. मुलांना एका लांब कागदाच्या पट्टीवर रतनगड ते प्रवरासंगम ही नदी काढायला लावा आणि आपलं गाव त्यावर कुठं येतं ते दाखवू द्या. आमच्या वर्गात पट्टी दोन बाकांवर मावली नाही, मग व्हरांड्यात पसरली.

धबधबे कसे बनतात

धबधबा बघताना मुलं वर बघतात. त्यांना दगडाकडे बघायला शिकवायचं. सह्याद्री सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या थरांनी बनलाय. एक थर आला, थंड झाला, त्यावर दुसरा. काही थर टणक, काही ठिसूळ. पाणी ठिसूळ थर लवकर खातं, टणक थर तसाच राहतो, आणि पायरी तयार होते. भूगोलाच्या पुस्तकात ‘दख्खन ट्रॅप’ असा शब्द येतो ना, त्यातला ट्रॅप म्हणजे स्वीडिश भाषेत पायरी किंवा जिना. रतनवाडीच्या रस्त्यावरून समोरचे डोंगर बघितले तर ही पायऱ्यांची रांग पोरं स्वतःच दाखवतात.

रंधा धबधबा भंडारदऱ्यापासून दहाएक किलोमीटर खाली आहे, सुमारे १७० फूट. इथं प्रवरा एका अरुंद दरीत उडी घेते. धरणातून पाणी सोडलेलं असेल तरच तो खरा दिसतो, नाहीतर नुसता कडा. धरणाच्या पायथ्याशी ‘अंब्रेला फॉल’ आहे. गोलसर खडकावरून पाणी छत्रीसारखं पसरतं म्हणून हे नाव. तोही धरणातून पाणी सोडल्यावरच. म्हणजे यातला एक धबधबा अर्धा आणि दुसरा पूर्णपणे माणसाच्या हातातला आहे. नैसर्गिक काय आणि मानवनिर्मित काय, हा पाठ्यपुस्तकातला प्रश्न इथं विचारा. उत्तर सरळ येत नाही, हेच चांगलं.

आता थोडं स्पष्ट बोलते. प्राथमिकच्या मुलांची सहल जुलै-ऑगस्टमध्ये इकडे नेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. फोटो सुंदर येतात, मान्य. पण शेवाळलेला खडक, धुकं, अचानक वाढणारं पाणी आणि पन्नास मुलांमागे चार शिक्षक, हे गणित जमत नाही. साम्रदची सांदण दरी तर पावसाळ्यात मोठ्यांनीही टाळावी. ती मुळात पाण्यानेच कोरलेली अरुंद घळ आहे. वर पाऊस पडला की खाली उभ्या माणसाला बाजूला व्हायला जागा नसते. पालकांनी कुटुंबासोबत पावसाळ्यात गेलं तर मुलाचा हात हातात, आणि कठड्याच्या अलीकडे. सेल्फीसाठी कठडा ओलांडणारे मोठेच जास्त असतात, आणि मुलं तेच बघून शिकतात. शाळेसाठी ऑक्टोबर अखेर ते डिसेंबर हा काळ उत्तम. हिरवळ असते, काही ओहोळ वाहते असतात, रस्ते कोरडे असतात.

रान

हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. अभयारण्य १९८६ मध्ये जाहीर झालं, क्षेत्र सुमारे ३६१ चौरस किलोमीटर. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, कळसूबाई, १,६४६ मीटर, याच हद्दीत. बिबट्या, भेकर, रानडुक्कर, तरस असे प्राणी आहेत, पण पोरांना आधीच सांगून ठेवा की दिवसा पन्नास जणांच्या गलक्यात यातलं काहीही दिसणार नाही. नाहीतर परतीच्या एसटीत ‘बाई, वाघ कुठंय?’ सुरू होतं. दिसतात त्या खुणा: मातीतले ठसे, विष्ठा, कुरतडलेली फळं, सालीवरचे ओरखडे. ‘प्राणी न बघता प्राणी ओळखा’ असा खेळ घेतला तर मुलं खाली बघून चालतात आणि गलकाही आपोआप कमी होतो.

झाडांत हिरडा, बेहडा, जांभूळ, आंबा दाखवा. हिरडा मुद्दाम. इथल्या महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबांना हिरडा गोळा करून चार पैसे मिळतात, म्हणजे जंगल हे त्यांचं दुसरं शेतच. उतारावर कारवी असेल. ती सात वर्षांनी एकदा फुलते. आज तिसरीत असलेल्या मुलाने फुलोरा बघितला, तर पुढचा बघेल तेव्हा तो दहावीत असेल. हे सांगितल्यावर एका मुलाने लगेच बोटांवर हिशेब करून आजीला किती वेळा दिसला असेल ते काढलं.

काजव्यांविषयी दोन शब्द, कारण हल्ली मे अखेर आणि जूनच्या सुरुवातीला पालक खास त्यासाठी जातात. काजव्याचा प्रकाश त्याच्या पोटातल्या रासायनिक क्रियेतून येतो आणि त्यात उष्णता जवळजवळ नसतेच. ही लुकलुक म्हणजे नर-मादीचं एकमेकांना बोलावणं. आपण गाडीचे हेडलाइट लावले, मोबाइलचा टॉर्च मारला, की ते बोलावणं पोचत नाही. झाडाखाली अंड्यांसाठी ओलसर पाचोळा लागतो, तो तुडवला गेला तर पुढच्या वर्षीचे काजवे कमी. वनखातं आता गर्दीवर आणि वेळेवर बंधनं घालतं. ती पाळा. मुलांना अंधारात पंधरा मिनिटं न बोलता उभं करता आलं, तर तेवढं पुरे आहे.

रतनवाडीचं देऊळ

अमृतेश्वराचं देऊळ रतनगडाच्या पायथ्याशी आहे. शिलाहार राजांच्या काळातलं मानतात, म्हणजे साधारण हजार वर्षांचं. काळा दगड, बाहेरून वरपासून खालपर्यंत कोरीव काम, आणि शिखरावर छोट्या छोट्या शिखरांच्या प्रतिकृती ओळीने रचलेल्या. या पद्धतीला भूमिज शैली म्हणतात. मुलांना मोठा शब्द पाठ करायला लावू नका, एक ओळ निवडून त्यातली छोटी शिखरं मोजायला लावा. शेजारी दगडी पुष्करणी आहे, भिंतीत कोनाडे आणि त्यांत मूर्ती.

फलकांवर आणि माहितीपत्रकांत हे देऊळ ‘हेमाडपंती’ म्हणून येतं. शिक्षकांनी इथं थोडं थांबावं. हेमाडपंत, म्हणजे हेमाद्री, देवगिरीच्या यादवांकडे मोठ्या हुद्द्यावर होता, तेराव्या शतकात. देऊळ शिलाहारांचं असेल तर ते त्याच्या बरंच आधीचं. चुना न वापरता दगडात दगड अडकवून केलेल्या बांधकामाला आपल्याकडे सरसकट हेमाडपंती म्हणायची सवय पडली, एवढंच. पाचवी-सहावीच्या मुलांना फळ्यावर कालरेषा काढून ‘हा माणूस हे देऊळ बांधू शकेल का?’ असं विचारा. इतिहास म्हणजे पाठांतर नाही, हे समजावून सांगावं लागत नाही मग.

आणि नाव बघा. देव अमृतेश्वर, नदी अमृतवाहिनी, आणि नेवाशाला देऊळ मोहिनीराजाचं. समुद्रमंथनानंतर अमृत वाटणारी ती मोहिनी. उगमापासून खालपर्यंत लोकांनी एकच कथा नदीभर पसरवून ठेवलीय. कागदी पट्टीवर ही नावंही लिहून घ्या.

पाणी असूनही नसलेलं पाणी

हा भाग मी सर्वांत जास्त वेळ घेऊन शिकवते. आम्ही गेलो तेव्हा एका वाडीत पडवीत बसून नागलीची भाकरी खाल्ली. भाकरी थापणाऱ्या मावशी सहज म्हणाल्या, पावसात चार महिने इरलं डोक्यावरून उतरत नाही आणि चैत्र-वैशाखात हंडा उतरत नाही. पोरांना आधी ती गंमत वाटली. छताला लागलेली रेघ त्यांच्या डोळ्यांसमोर होती. एवढा पाऊस, समोर एवढं धरण, आणि पाणी नाही?

पण तसं आहे. या भागातल्या काही वाड्यांना एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघावी लागते. कारण परत दगडातच आहे. काळा कातळ पाणी मुरू देत नाही, उतार तीव्र, मातीचा थर पातळ. पडलेलं पाणी तासाभरात ओढ्यात आणि ओढ्यातून धरणात. धरण खाली, वाडी वर. पाणी खाली आणायला पैसे लागत नाहीत, वर चढवायला पंप, वीज, पाइपलाइन लागते. आणि धरण बांधलं तेच मुळी खालच्या शेतीसाठी. वर्गात स्पंज आणि फरशीचा तुकडा तिरका धरून त्यावर एकेक पेला पाणी ओता, थाळीत किती जमतं ते मोजा. फरक लगेच दिसतो.

परतल्यावर चौथीतल्या एका मुलीने विचारलं, ‘मग आपल्या कालव्यातलं पाणी त्यांचं का आपलं?’ मी उत्तर दिलं नाही. वर्गाचे दोन गट केले, एक वाडीचा, एक कालव्यावरचा, आणि बोलू दिलं. कालव्याच्या गटातला एकजण म्हणाला, ‘आमचा ऊस वाळंल.’ वाडीच्या गटातून आवाज आला, ‘तुम्ही ऊस पिता का?’ चाळीस मिनिटं पुरली नाहीत. पालकांपैकी एक-दोघांना हा विषय वर्गात नको होता, असं नंतर कानावर आलं. ज्यांच्या घरी चार एकर ऊस आहे त्यांना तो टोचणारच. पालकसभेत मी मुलांचीच पट्टी भिंतीला लावली आणि मुलांनाच बोलायला सांगितलं.

याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांची ओळख या पाठाला जोडा. कधी शाळेत न गेलेल्या राहीबाईंनी भात, वाल, भाज्यांची गावठी बियाणी जपली, त्यांची बँक केली आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. डोंगरावरच्या माणसांकडे फक्त अडचणी असतात, असं मुलांच्या डोक्यात बसू नये म्हणून.

थोडं कामाचं: संगमनेर-अकोले-राजूर-शेंडी असा रस्ता आहे, नाशिक-मुंबईकडून येणाऱ्यांना घोटीवरून बारीमार्गे. हरिश्चंद्रगड लहानांसाठी नको, चढ दमवणारा आहे. जेवण वाडीतच सांगितलं तर दोन कुटुंबांना रोजगार मिळतो, फक्त आठ दिवस आधी कळवा. प्लॅस्टिकच्या बाटल्या नेऊ नका, प्रत्येकाची स्टीलची बाटली. आणि पाणी घरूनच भरून न्या, वाडीतल्या हंड्यातलं मागू नका.

परतल्यावर मुलांना लिहायला दिलेले प्रश्न:

तुम्ही बघितलेल्या डोंगराला किती पायऱ्या दिसल्या? चित्र काढा.
कोणत्या प्राण्याची खूण सापडली? कशावरून ओळखलीत?
देवळाच्या दगडांमध्ये चुना दिसला का? मग दगड पडत कसे नाहीत?
आपल्या घरी दिवसाला किती हंडे पाणी लागतं? घरच्यांना विचारून लिहा.
वाडीतल्या तुमच्याच वयाच्या मुलाला पत्र लिहा. त्यात त्याला एक प्रश्न विचारा आणि त्याने तुम्हाला विचारावा असा एक प्रश्नही लिहा.