सुरीची धार

मुलांनो, मटणाच्या दुकानात तुम्ही कधीतरी उभे राहिला असाल. चाचा चार-पाच तुकडे कापतात आणि मध्येच थांबून सुरी एका गोल सळईवर सर्र सर्र फिरवतात. सळई सुरीला धार लावते, असे तुम्हांला वाटते ना? खरे म्हणजे ती सुरीची कड सरळ करते.

सुरीची कड फार पातळ असते. हाडावर किंवा लाकडी ठोकळ्यावर आपटून ती किंचित वाकते. डोळ्यांना हे दिसत नाही, पण सुरी नीट कापत नाही. सळईचे पोलाद सुरीपेक्षा कठीण असते. तिच्यावर सुरी हलक्या हाताने फिरवली, की वाकलेली कड पुन्हा उभी राहते. लोखंड फारसे झिजत नाही.

कडच झिजून गोल झाली, तर मात्र दगड हवा. उर्दूत आपण त्याला 'सान' म्हणतो, मराठीत 'सहाण'. दोन्ही शब्द एकाच घरातले! चंदन उगाळण्याच्या दगडालाही मराठीत सहाणच म्हणतात. दगड लोखंड घासून काढतो आणि नवी कड तयार करतो. धारवाल्याच्या चाकातून उडणाऱ्या ठिणग्या पाहायला मजा वाटते; पण ते आपल्याच सुरीचे जळणारे कण असतात! चाकावर सुरी फार तापून कड निळी झाली, तर तिथले पोलाद मऊ पडते. मग धार टिकत नाही. म्हणून घरी दगड असेल, तर तोच बरा.

दगडावर सुरी किती तिरपी धरावी? वहीच्या कागदाचा कोपरा घ्या. तो काटकोन, म्हणजे ९० अंश. त्याची घडी घाला, ४५ झाले. पुन्हा घडी घाला, साधारण २२. घरच्या सुरीला एवढा कोन पुरतो. दगड ओला करा, त्याच्याखाली ओले फडके ठेवा आणि दोन्ही बाजू सारख्या घासा. घरातले मोठे माणूस जवळ असू द्या.

धार गेलेल्या सुरीला घाबरायचे कारण नाही, असे अनेकांना वाटते. मला हे पटत नाही. बोथट सुरीवर जोर द्यावा लागतो. ती कांद्यावरून घसरते आणि अम्मीचे बोट कापते.

धार आली का, हे अंगठा फिरवून पाहू नका. टोमॅटो घ्या. सुरी नुसती टेकवून ओढा. साल लगेच कापली गेली, तर काम झाले. साल दबली, तर दगडावर आणखी पाच-सहा हात फिरवा.