‘ठाऊक नाही’ म्हणण्याचे धैर्य



आपल्या मुळशीत भातलावणीच्या दिवसांत खाचरात कुणाला साप चावला, की चौघे लगेच उत्तर देतात. कुणी म्हणतो देवीचा कोप, कुणी म्हणतो मागल्या जन्मीचे पाप. हल्ली कुणी मोबाईलवर उपाय शोधतो. उत्तरे ताबडतोब मिळतात, विष मात्र उतरत नाही. ते दवाखान्यातल्या लशीनेच उतरते, तेही वेळेत पोहोचलात तर! सर्पदंशाच्या रोग्याला उपचारापासून अडवून मंत्रतंत्र करणे हा महाराष्ट्रात २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे.

मालुंक्यपुत्त भिक्खूने तथागतांना विचारले, जग शाश्वत आहे की अशाश्वत? उत्तर मिळाले नाही तर तो संघ सोडणार होता. तथागतांनी त्याला विषारी बाणाचा दृष्टान्त दिला. बाण मारणाऱ्याची जात कोणती, धनुष्य कशाचे, हे कळेपर्यंत बाण काढू न देणारा माणूस उत्तराआधीच मरेल.

म्हणजे प्रश्नच विचारू नयेत काय? तसे नव्हे. केसपुत्तच्या कालामांना तथागतांनी सांगितले, की परंपरा आहे, ग्रंथात आहे, गुरू सांगतो, एवढ्यावरून काही मानू नका. अहितकारक काय, हितकारक काय, ते स्वतः पारखा. पारखायला वेळ लागतो.

बाबासाहेबांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला हिंदू धर्म सोडण्याची घोषणा केली. मग कोणता धर्म? लोक विचारीत राहिले. बाबासाहेबांनी घाई केली नाही. २५ डिसेंबर १९५४ रोजी आपल्या जवळच्या देहूरोडला त्यांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षा घेतली. एकवीस वर्षे! या काळात स्वतंत्र मजूर पक्ष, सिद्धार्थ महाविद्यालय, संविधान ही कामे थांबली नाहीत.

माझ्या वर्गातल्या एका मुलीने विचारले, “गुरुजी, माझी आजी मेल्यावर कुठे गेली?” गोड उत्तर बनवून देता आले असते. घराण्यातला मी पहिला पदवीधर, जीभ अडखळली. तरी म्हणालो, “ठाऊक नाही, बाळ.” ती म्हणाली, “मग तुम्ही शिकलात कशाला?” मी तिला आजीबद्दल सांगायला सांगितले. ती बराच वेळ बोलत राहिली.

या पौर्णिमेला वंदनेनंतर मुलांना जवळ घ्या. त्यांना प्रश्न विचारू द्या. ठाऊक असेल ते सांगा, नसेल ते नाही म्हणा. मूल आजारी पडले तर आधी दवाखाना गाठा.

जय भीम! नमो बुद्धाय!