दोष डोळ्यांचा नव्हता

टोकरखाड्यात राहून सिल्वासाच्या कारखान्यांचे हिशेब लिहिणाऱ्या प्रस्तुत लेखकाने एका वर्षात दोनदा चष्मा बदलला. संध्याकाळ झाली की पडद्यावरचे आकडे पुसट होत, ३ आणि ८ मध्ये गल्लत होई. शेवटी लॅपटॉप दुकानात नेला. दुकानदाराने तो दहा सेकंदही नीट पाहिला नाही आणि दोन गिऱ्हाइकांदेखत म्हणाला, "काका, स्क्रीन चालू आहे ना? मग डोळे तपासून घ्या. वय झालं आता."

ते वाक्य अजून टोचतं. वय झालं होतं, पण स्क्रीनचं.

उलगडा घरीच झाला. जीएसटीच्या विवरणपत्राची २० तारीख तोंडावर आलेली, म्हणून मुलीचा नवा लॅपटॉप शेजारी घेतला. सहज दोन्हींवर कोरं पान उघडलं, दोन्हींचा उजेड शेवटपर्यंत वाढवला. नव्यावरचं पान नीळ दिलेल्या धोतरासारखं. जुन्यावरचं पिवळट, मळकं, खालच्या कडेला तर चहा सांडून वाळल्यासारखं. लेखक कितीतरी वेळ या पानावरून त्या पानावर नुसता बघत राहिला. दोन चष्म्यांचे पैसे गेले होते, आणि वर चारचौघांत ऐकून घेतलं होतं.

एलसीडी पडद्याला स्वतःचा उजेड नसतो. मागच्या पातळ थराला कडेच्या बारीक एलईडींतून प्रकाश मिळतो. हा एलईडी मुळात निळा. (त्याच्या शोधाला २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.) त्यावरच्या पिवळ्या फॉस्फरमुळे तो पांढरा दिसतो. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने एलईडी क्षीण होतो आणि त्यावरचं आवरण पिवळं पडतं. एलईडीच्या आधीच्या पडद्यांत पारा असलेल्या बारीक नळ्या असत, त्याही अशाच मंदावत.

लॅपटॉपच्या अनेक पॅनेलच्या तांत्रिक कागदांत एलईडीचं आयुष्य १५,००० तास लिहिलेलं असतं. आयुष्य म्हणजे बंद पडेपर्यंतचा काळ नव्हे, उजेड निम्म्यावर येईपर्यंतचा. रोज ९ तास, वर्षाला ३०० दिवस काम धरलं तर सहा वर्षांत १६,२०० तास भरतात. महिन्याला घट जेमतेम एका टक्क्याची. डोळे तिला सरावतात, म्हणून ती कळतच नाही. हे दुकानात बसणाऱ्याला ठाऊक नसावं?

त्याच दुकानात पॅनेल बदलायला दिलं, ही लेखकाची दुसरी चूक. "नवं" म्हणून बसवलेल्या पॅनेलची खालची कड पहिल्याच दिवशी पिवळी दिसली. मागचं लेबल दाखवा म्हटल्यावर आधी टाळाटाळ, मग आवाज चढला. लेबलावरची तारीख लेखकाच्या लॅपटॉपपेक्षाही जुनी होती! पैसे निम्मेच परत मिळाले.

म्हणून पॅनेल बसवण्याआधीच मागचं लेबल बघावं, मॉडेल क्रमांक आणि तारखेचा फोटो काढावा. जोडणी ३० पिनांची की ४० पिनांची, हे जुन्याशी ताडून घ्यावं. काढलेलं पॅनेल मागून घ्यावं, ते आपलं असतं. बिल घ्यावं, हे काय सांगायला हवं! पण लेखकाने घेतलं नव्हतं.

दुकानाची पायरी चढण्याआधी बॅटरी वाचवण्याची सोय आणि खोलीतल्या उजेडानुसार बदलणारी चमक बंद करून बघावी, कधी दोष तेवढाच असतो. मग चांगल्या पडद्याशेजारी कोरं पान उघडून ताडावं. रोजच्या कामाला उजेड ६० टक्क्यांच्या आसपास पुरतो, पूर्ण उजेडाने एलईडी जास्त तापतात. उठताना स्क्रीनसेव्हरवर विसंबू नये. तो जुन्या काचेच्या नळीच्या मॉनिटरसाठी होता, एलसीडीमागचे दिवे त्याच्या आड जळतच राहतात. पडदा पाच मिनिटांत आपोआप बंद होईल असं लावावं. पाऱ्याच्या नळीचा जुना मॉनिटर असेल तर तो फोडू नये, कचऱ्यात टाकू नये, ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्यावा.

लेखकाने दुसरीकडून पॅनेल बसवून घेतलं. चष्मा आता पहिलाच चालतो.