सुरुंग झोडपणारा रणगाडा

आज एका कोड्यापासून सुरुवात करू. रणगाड्याचे वजन माणसाच्या वजनाच्या शेकडो पट असते. मग जमिनीवर पडणारा त्याचा दाबही तितक्याच पटीने जास्त असेल का?

हिशेब करून पाहू. दुसऱ्या महायुद्धातील ‘शर्मन’ या अमेरिकी रणगाड्याचे वजन सुमारे ३०,००० किलोग्रॅम होते. त्याच्या दोन पोलादी पट्ट्यांचा जमिनीला टेकलेला भाग सुमारे ३०,००० चौरस सेंटिमीटर भरतो. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे १ किलोग्रॅम भार पडतो. आता ६० किलोग्रॅम वजनाचा माणूस एका पायावर उभा आहे आणि त्याच्या तळव्याचे क्षेत्रफळ १५० चौरस सेंटिमीटर आहे असे समजा. दर चौरस सेंटिमीटरवर भार येतो ०.४ किलोग्रॅम. वजन पाचशे पट, पण दाब मात्र जेमतेम अडीच पट!

असे असूनही रणगाडाविरोधी सुरुंग माणसाच्या चालण्याने सहसा फुटत नाही आणि रणगाड्याखाली फुटतो. का बरे? उत्तर सुरुंगाच्या झाकणात आहे. जर्मन सैन्याच्या ‘टेलर’ सुरुंगाचे उदाहरण घेऊ. टेलर म्हणजे जर्मन भाषेत थाळी. सुमारे ३० सेंटिमीटर व्यासाच्या या थाळीत साडेपाच किलोग्रॅम स्फोटक भरलेले असे, आणि झाकणावर साधारण १०० किलोग्रॅम किंवा त्याहून जास्त भार आला की ते पेट घेई. दाब पडणाऱ्या भागाचा व्यास २० सेंटिमीटर धरला, तर त्याचे क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर होते. रणगाडा त्या साऱ्या भागावर टेकतो, म्हणून एकूण भार ३१४ किलोग्रॅम. माणसाने मात्र सारे अंग टाकले तरी तो ६० किलोग्रॅमच! थोडक्यात, सुरुंगाला दाबाशी कर्तव्य नाही. त्याला एकूण बल कळते.

हे कळले की सुरुंग काढण्याची युक्तीही सुचते. रणगाडा पोहोचण्यापूर्वीच तेवढे बल दुसऱ्या कशाने तरी सुरुंगावर पडले पाहिजे. आपल्याकडे कोकणात भात झोडतात, देशावर बाजरीची कणसे काठीने बडवतात. तशीच जमीन झोडपत पुढे जावे, ही कल्पना दक्षिण आफ्रिकेच्या सैन्यातील अब्राहम दु टॉइट यांनी मांडली. रणगाड्यापुढे दोन दांड्यांवर एक आडवा रूळ बसवायचा, त्याला साखळ्या लावायच्या आणि इंजिनाने तो गरगर फिरवायचा.

१९४२ च्या ऑक्टोबरमध्ये इजिप्तमधील अल् अलामीनच्या लढाईत ‘स्कॉर्पियन’ नावाची अशी सुमारे दोन डझन वाहने उतरली. जर्मनांनी तेथे चार लाखांहून अधिक सुरुंग पेरले होते. पण साखळ्यांनी वाळवंटातील धूळ इतकी उडवली की चालकाला पुढचे दिसेना आणि इंजिने तापून बंद पडू लागली. बराचसा मार्ग अखेर सैनिकांनी शोधकयंत्रे आणि संगिनी घेऊन, गुडघ्यांवर रांगत मोकळा केला.

पुढची सुधारलेली आवृत्ती म्हणजे शर्मनवर उभारलेला ‘क्रॅब’, अर्थात खेकडा. ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर तो उतरला. त्याच्या रुळाला ४३ साखळ्या होत्या व रूळ मिनिटाला १४२ फेरे घेई. साखळीच्या टोकापर्यंतची त्रिज्या १.२ मीटर मानली, तर टोकाचा वेग सेकंदाला सुमारे १८ मीटर येतो. टोकाचे वस्तुमान अर्धा किलोग्रॅम आहे आणि ते २ सेंटिमीटर मातीत थांबते असे समजा. गतिज ऊर्जेला अंतराने भागले की सरासरी बल मिळते: सुमारे ४,००० न्यूटन, म्हणजे ४०० किलोग्रॅम भार. सुरुंग फुटायला एवढे पुरेसे आहे.

स्फोट होतो तो रणगाड्याच्या काही अंतर पुढे. अंतर वाढते तशी स्फोटाच्या तरंगाची तीव्रता झपाट्याने कमी होते, आणि जे उरते ते जाड पोलाद सोसते. साखळी लवचीक असल्याने तिचा एखादा तुकडा तुटून उडतो, पण धक्का रुळापर्यंत फारसा पोहोचत नाही. तुटलेली साखळी नंतर बदलता येते.

मग खेकडा झोडपताना ताशी जेमतेम २ किलोमीटरच का चाले? तेही गणितच सांगते. ताशी २ किलोमीटर म्हणजे मिनिटाला ३३ मीटर. त्याला १४२ ने भागा: एका फेऱ्यात गाडी सुमारे २३ सेंटिमीटर पुढे सरकते. सुरुंग ३० सेंटिमीटर रुंद, म्हणून त्याच्यावर निदान एक फटका बसतो. वेग दुप्पट केला तर दोन फटक्यांत ४७ सेंटिमीटर अंतर पडेल आणि एखादा सुरुंग मधोमध सुखरूप राहील! म्हणून हळू चालणे भाग आहे. आणि रणांगणावर हळू चालणारी गाडी शत्रूला आयती सापडते.

ही अडचण आजही सुटलेली नाही. काही वाहने जड रुळांनी सुरुंग दाबतात, काही नांगराने ते उकरून बाजूला सारतात. सर्वांनाच सावकाश जावे लागते. २०२३ च्या उन्हाळ्यात युक्रेनच्या झापोरिझ्झिया भागात अशी चिलखती वाहने रशियन सुरुंगांच्या पट्ट्यात अडकून नष्ट झाली. शिवाय सुरुंगही बदलले आहेत. काही दुसऱ्यांदा भार पडल्यावरच फुटतात, तर काही वरून जाणाऱ्या लोखंडाचे चुंबकीय क्षेत्र ओळखतात.

यंत्र नसेल तेथे हे काम माणसाच्या अंगावर येते. एप्रिल १९४८ मध्ये राजौरीच्या वाटेवर बाँबे सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे यांनी सुरुंग आणि अडथळे दूर करून आपल्या रणगाड्यांना वाट करून दिली. त्यांना परमवीर चक्र मिळाले.

शेवटी एक फरक ध्यानात घ्या. सैन्याला रणगाडे जातील एवढी वाट हवी असते, आणि शंभरांतला एखादा सुरुंग राहिला तरी लढाई थांबत नाही. युद्ध संपल्यावर त्याच जमिनीत नांगर धरणाऱ्या शेतकऱ्याला मात्र सारे शेत हवे असते, आणि त्याच्यासाठी राहिलेला तो एकच सुरुंग पुरेसा असतो. म्हणून शांततेच्या काळात झोडपणारे यंत्र फिरल्यानंतरही माणसे शोधकयंत्रे आणि प्रशिक्षित कुत्रे घेऊन ती जमीन हातहात तपासतात. सुरुंगाला युद्ध संपल्याची बातमी कोणी सांगत नाही.

जाता जाता एक प्रश्न: रुळाचे फेरे मिनिटाला २८४ केले तर गाडी दुप्पट वेगाने नेता येईल. पण त्याच त्रिज्येवर टोकाची गतिज ऊर्जा किती पट होईल, आणि साखळी व इंजिन यांच्यावर त्याचा काय परिणाम होईल? वहीत हिशेब मांडून पाहा.