नवे बिऱ्हाड
नवदांपत्याने बिऱ्हाड थाटताना आधी पलंग-कपाटाचा विचार होतो. बेने इस्राएल घरात मात्र आरंभ दारापासून करावा. आत शिरताना उजव्या हाताच्या दारबाहीला मेझुझा लावावा. भाड्याच्या घरातही ३० दिवसांच्या आत. मग भांडी घ्यावीत. मांस व दूध एकत्र वर्ज्य, म्हणून दोहोंची पातेली, पळ्या, ताटे निराळी हवीत. पैसा बेताचा असल्यास भांडी थोडी घ्यावीत, पण सरमिसळ होऊ देऊ नये. धातूचे भांडे उकळत्या पाण्याने शुद्ध करता येते, मातीचे येत नाही. नारळाची खवणी विसरू नये. कोकणापासून चालत आलेल्या रीतीप्रमाणे मटणाच्या रश्शाला नारळाचे दूध चालते. शब्बाथच्या दिव्यासाठी कोनाडा राखावा. फर्निचर मागाहून येईल. पण अशा घरी वडील मंडळी पहिल्याच दिवशी निःशंकपणे पानावर बसतील.