वाढवून मिळालेली पंधरा वर्षे

शास्त्रपाठ : २ राजे अध्याय २० व २१:१, यशया ३८, स्तोत्र ९०

ह्या महिन्याच्या अभ्यासासाठी हिज्कीया राजाच्या आजाराची हकिगत घेतली आहे. संडेस्कूलमध्ये ती बहुधा मागे सरकलेल्या छायेपाशीच थांबते. मुलांना तो चमत्कार आवडतो व शिक्षकांना फळ्यावर काढून दाखविता येतो. परंतु हीच हकिगत मोठ्यांच्या वर्गात घ्यावयाची असेल तर आधी थोडा हिशेब करावा.

हिज्कीया पंचविसाव्या वर्षी गादीवर बसला व त्याने एकोणतीस वर्षे राज्य केले. म्हणजे मृत्युसमयी तो चौपन्न वर्षांचा होता. त्यातून वाढवून मिळालेली पंधरा वर्षे वजा करा. मरणाची सूचना आली तेव्हा तो अवघा एकोणचाळीस वर्षांचा होता! तो भिंतीकडे तोंड करून रडला ते म्हातारपण लांबावे म्हणून नव्हे. भर उमेदीत दिवा विझतो म्हणून. आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या नजरेतून सुटते. प्रार्थना ऐकली गेल्यावरही यशयाने गळवावर अंजिरांचा लेप लावावयास सांगितले. औषध घेणे म्हणजे विश्वासात उणे पडणे, असे म्हणणाऱ्यांनी हे वचन सावकाश वाचावे.

आयुष्य लांबविण्याची इच्छा आज पुन्हा मोठ्या आवाजात बोलली जात आहे. अमेरिकेतील ब्रायन जॉन्सन ह्या धनाढ्य उद्योजकाने आपले शरीर तरुण ठेवण्यासाठी वर्षाला सुमारे २० लाख डॉलर खर्च होतो असे सांगितले. २०२३ साली त्याने आपल्या सतरा वर्षांच्या मुलाच्या रक्तातील द्रव स्वतःच्या अंगात भरून घेतला, आणि काही महिन्यांतच त्यापासून लाभ दिसला नाही म्हणून तो प्रकार सोडून दिला. कोणी मृत्यूनंतर देह गोठवून ठेवतात, पुढे कधीतरी शास्त्रज्ञ उठवतील ह्या आशेने. पहिला असा देह १९६७ साली गोठविला गेला. तो अजून तसाच आहे.

माणसाच्या वयाची सर्वांत मोठी खात्रीलायक नोंद फ्रान्समधील झान काल्माँ ह्या बाईंची, १२२ वर्षांची. त्या १९९७ साली वारल्या व तो आकडा अद्याप कोणी ओलांडलेला नाही. उत्पत्ती ६:३ मधील एकशेवीस वर्षांशी ह्याचा संबंध जोडण्याचा मोह उपदेशकांना होतो. तो ओढूनताणून जोडू नये हे बरे.

मग आयुष्य वाढले म्हणतात ते कोठे? स्वातंत्र्याच्या सुमारास भारतातील सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होते, ते आता सत्तरीजवळ आले आहे. मध्य प्रदेश त्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मागे आहे. ह्याचा अर्थ पूर्वी माणसे तिशीतच म्हातारी होत असा नव्हे. स्तोत्र ९० लिहिणाऱ्यालाही सत्तर-ऐंशी वर्षे ठाऊक होतीच. पूर्वी पाळण्यातली मुले व बाळंतिणी फार मरत. लस, स्वच्छ पाणी, प्रतिजैविके व सुईणीच्या हाती आलेले निर्जंतुक पाते ह्यांनी त्यांना वाचविले. सरासरी वाढली ती मुख्यतः अशी, खालच्या टोकाकडून.

शरीरात यंत्र बसविणे हेही आपणांस आता परके राहिलेले नाही. मंडळीतील किती वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदूनंतरचे कृत्रिम भिंग आहे हे मोजून पाहावे. ती कल्पना हॅरोल्ड रिडली ह्या इंग्रज डॉक्टरांची. युद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या फुटलेल्या झाकणाचे प्लास्टिकचे तुकडे गेले, पण डोळ्याने त्यांचा त्रास मानला नाही, हे त्यांनी हेरले आणि १९४९ साली तसल्याच प्लास्टिकचे भिंग बसविले. अंगात पेसमेकर बसविलेला पहिला रुग्ण, स्वीडनचे आर्ने लार्सन, ह्यांचे पहिले यंत्र १९५८ साली काही तासांतच बंद पडले. पुढे वीसहून अधिक यंत्रे बदलत ते शहाऐंशी वर्षांचे होऊन २००१ साली वारले. ही झाली दुरुस्ती. जे गेले ते परत मिळविणे वेगळे, आणि जे कधी नव्हतेच ते मिळविणे वेगळे. हा फरक वर्गात नीट समजावून द्यावा, कारण आता आपल्या दारातला प्रश्न येतो व तेथे ही रेषा पुसट होते.

आपल्या बालाघाट-मंडला पट्ट्यात, तसेच विदर्भात व छत्तीसगडात, सिकलसेल हा रक्ताचा आजार घरोघरी ठाऊक आहे. गोंड, बैगा इत्यादी आदिवासी समाजांत तो आहे आणि आपल्यांपैकी पुष्कळ ज्या समाजांतून मंडळीत आले त्यांतही आहे. १९१० साली शिकागोच्या डॉ. हेरिक ह्यांनी विळ्याच्या आकाराच्या ह्या रक्तपेशींचे वर्णन प्रसिद्ध केले. हिमोग्लोबिनच्या लांबलचक साखळीत एकच दुवा बदललेला असतो. तेवढ्याने पेशी ताठर होते, बारीक वाहिन्यांत अडकते आणि हाडे, पोट, छाती असह्य दुखू लागतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांत मोडते. म्हणून मूल फिकट, लवकर थकणारे. ह्याला कोणी वात म्हणतात, कोणी करणी म्हणतात. हा आजार स्पर्शाने पसरत नाही.

हा दोष इतका टिकला कसा? आई किंवा वडील ह्यांपैकी एकाकडूनच तो आला तर माणूस केवळ वाहक असतो, बहुधा धडधाकट राहतो, आणि जीवघेण्या मलेरियापासून त्याला संरक्षणही मिळते. आपली जंगले मलेरियाची. ज्या वाहक बालकांनी येथे तग धरला त्यांच्याच वंशात आपण आहोत. मनुष्यदेहातील उणिवा वेचून काढून टाकू असे म्हणणाऱ्यांनी ह्या उदाहरणापाशी थांबावे. येथे उणीव व ढाल एकच आहे. तो दुवा कोणी दोन हजार वर्षांपूर्वी 'सुधारला' असता तर कित्येक पाडे ओस पडले असते.

तरी ज्याच्या वाट्याला दोन्हीकडून हा दोष आला त्याला ढालीचे कौतुक सांगून काय उपयोग? त्याच्यासाठी खरोखर काही घडले आहे. नवजात बाळाला हा त्रास होत नाही, कारण गर्भातले हिमोग्लोबिन निराळे असते व ते काही महिने टिकते. मोठेपणीही ज्यांच्यात ते अधिक उरते त्यांचा आजार सौम्य राहतो. हायड्रॉक्सीयुरियाची साधी गोळी हेच करते, गर्भातले हिमोग्लोबिन वाढविते. तिच्याबरोबर फॉलिक ॲसिड, लहान मुलांना पेनिसिलिन, भरपूर पाणी, थंडीपासून बचाव व वेळीच रक्त. एवढ्याने वेदना कमी होतात व आयुष्यात वर्षे पडतात. मात्र गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली व रक्त तपासतच घ्यावी.

ह्यापुढचे पाऊल २०२३ च्या अखेरीस पडले. ब्रिटन व अमेरिका ह्यांनी जनुकात बदल करून करावयाच्या उपचारास मान्यता दिली. रुग्णाच्या मूळ रक्तपेशी बाहेर काढतात, गर्भातल्या हिमोग्लोबिनला लागलेला आडणा काढतात, तीव्र औषधाने अस्थिमज्जा रिकामी करतात व बदललेल्या पेशी पुन्हा आत सोडतात. महिने लागतात, त्या औषधाने पुढे मूल न होण्याचाही धोका असतो. अमेरिकेत किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने सुमारे अठरा कोटी रुपये. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या सरकारी जीनोमिक्स संस्थेने 'बिरसा १०१' ह्या नावाने स्वदेशी उपचार जाहीर केला व पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटला त्याचे तंत्र दिले. तो स्वस्त व्हावा अशी प्रार्थना जरूर करावी. परंतु जाहीर होणे आणि बैहरच्या दवाखान्यात मिळणे ह्यांत अंतर असते. तोवर गोळी सुटू देऊ नये.

१ जुलै २०२३ रोजी आपल्याच राज्यात शहडोल येथे सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट होते. तपासणीनंतर कार्ड मिळते, आणि येथेच मंडळीची कसोटी लागते. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक बाळाला हा आजार होण्याचा संभव चारांत एक. चार मुलांत एकच आजारी, असा त्याचा अर्थ नव्हे. प्रत्येक गरोदरपणी चिठ्ठी नव्याने टाकली जाते. वाहक व निरोगी ह्यांच्या पोटी मात्र आजारी मूल होत नाही. हे ठाऊक नसल्याने 'वाहक' एवढा शब्द ऐकून मुलीचे ठरलेले लग्न मोडतात, आणि ते मोडू नये म्हणून आईबाप कार्ड पेटीच्या तळाशी दडवितात. दोष मुलीत धुंडाळतात, मुलाचे रक्त मात्र कोणी तपासत नाही. पाळकांनी लग्नाची जाहीर सूचना वाचण्याच्या पुष्कळ आधी, बोलणी सुरू होण्यापूर्वीच, दोघांच्या तपासणीविषयी एकांतात विचारावे. उपासनेत कोणाचे नाव घेऊन प्रार्थना करू नये.

आता पुन्हा हिज्कीयाकडे वळू. मनश्शे राजा झाला तेव्हा बारा वर्षांचा होता, म्हणजे वाढवून मिळालेल्या त्या वर्षांतच जन्मला. यहूदाच्या वाईट राजांत त्याचे नाव पुढे आहे. त्याच दिवसांत राजाने बाबेलच्या दूतांना भांडार उघडून दाखविले, आणि पुढच्या पिढीवरचे संकट ऐकून आपल्या हयातीत तरी शांती आहे ना, असे समाधान मानले. राजा बरा झाला ह्यात वाईट काही नव्हते. तथापि ही वर्षे कोणाच्या कामी आली, हा प्रश्न शिक्षकांनी वर्गापुढे ठेवावा व उत्तर घाईने देऊ नये.

लहान मुलांच्या शिक्षकांसाठी थोडे वेगळे. वर्गात सिकलसेलचे मूल असेल तर त्याला पाण्याची बाटली जवळ ठेवू द्यावी व लघवीला वारंवार जाऊ द्यावे. धावण्याच्या शर्यतीत त्याला ओढू नये. त्याच्या हाती शिट्टी द्यावी. ताप किंवा छातीत दुखणे दिसताच पालकांना बोलवावे. आणि डिसेंबरात आपल्याकडे थंडी कडक असते, तेव्हा नाताळच्या नाटकात देवदूताच्या पातळ झग्याखाली त्याला स्वेटर घालू द्यावा, बाहेरून दिसला तरी चालेल.