क्रीडांगणावरील विमाने आणि सेकंदांचे गणित

दिनांक १९ नोव्हेंबर २०२३ रोजी अहमदाबाद येथे भारत व ऑस्ट्रेलिया यांच्यामध्ये विश्वचषक क्रिकेट स्पर्धेचा अंतिम सामना झाला. पहिला चेंडू टाकला जाण्यापूर्वी भारतीय वायुदलाच्या ‘सूर्यकिरण’ पथकाची नऊ हॉक विमाने क्रीडांगणावर आली आणि काही मिनिटे हजारो प्रेक्षकांच्या माना आकाशाकडे वळल्या. सामना आपण हरलो, हे सर्वांच्या स्मरणात आहेच. परंतु त्या विमानांमागे केवढी सिद्धता असते, याचा विचार फारसा कोणी करीत नाही. विद्यार्थ्यांना ज्ञात असलेल्या त्रैराशिकाच्या आधारे तो येथे करावयाचा आहे.

ही प्रथा प्रामुख्याने अमेरिकेत वाढली. तिचे मूळ पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस सापडते. सप्टेंबर १९१८ मध्ये शिकागो येथे बेसबॉलच्या ‘वर्ल्ड सिरीज’चा पहिला सामना झाला, तेव्हा लष्करी विमाने मैदानावरून गेली, आणि त्याच सामन्यात सातव्या डावाच्या विश्रांतीत वाद्यवृंदाने ‘स्टार-स्पँगल्ड बॅनर’ हे गीत वाजविले. फ्रेड थॉमस हा खेळाडू त्या वेळी नौदलातून रजेवर आलेला होता. तो ध्वजाकडे वळून सलामी देत उभा राहिला. हे गीत अमेरिकेचे अधिकृत राष्ट्रगीत झाले ते पुढे १९३१ साली. गीत आणि विमाने यांचा मैदानावरील संबंध मात्र तेव्हापासून जुळला, तो आजतागायत आहे. तेथील मोठ्या सामन्यांत आजचा संकेत असा की, राष्ट्रगीताचा शेवटचा स्वर निघताच विमानांनी प्रेक्षकांच्या डोक्यावर यावे. आधी नाही, आणि नंतरही नाही.

खरी अडचण येथेच आहे. गाणारा मनुष्य काही घड्याळ नव्हे. तालमीच्या दिवशी दोन मिनिटांत संपविलेले गीत प्रत्यक्ष समारंभात तो दोन-चार सेकंद अधिक आळवतो. विमानाला मात्र आकाशात थांबता येत नाही.

आता हिशेब पाहू. ताफा ताशी सुमारे ५५५ किलोमीटर वेगाने येत आहे असे धरू; वैमानिकांच्या भाषेत हा वेग ३०० नॉट. म्हणजे सेकंदाला १५४ मीटर. गीत १२० सेकंदांचे असेल, तर त्याचा पहिला शब्द उच्चारला जात असताना विमाने सुमारे साडेअठरा किलोमीटर दूर असली पाहिजेत. गायकाने पाच सेकंद अधिक घेतले, तर विमाने तोवर ७७० मीटर पुढे गेलेली असतील, म्हणजे क्रीडांगण ओलांडून पार पलीकडे.

म्हणून दूरवर एक जागा निश्चित करून ताफा तेथे लंबवर्तुळाकार घिरट्या घालीत राहतो. क्रीडांगणावर वायुदलाचा एक अधिकारी बिनतारी यंत्र घेऊन उभा असतो. तो गीताच्या ओळी ऐकत वेळ मोजतो आणि आघाडीच्या वैमानिकाला कळवितो. गीत लांबते आहे हे ज्या क्षणी कळेल, त्यावर पुढचे सारे अवलंबून. पाच सेकंदांचा विलंब अगदी आरंभी कळला, तर वेग ताशी ५५५ वरून ५३२ किलोमीटरांवर आणला की भागते. अर्धा मार्ग संपल्यावर कळला, तर तो ५१२ पर्यंत उतरवावा लागतो. शेवटचे दहाच सेकंद उरले असतील, तर उत्तर येते ताशी ३७०! पंखाला पंख लावून चाललेल्या जेट विमानांना एवढ्या थोड्या अवधीत असा लगाम घालणे शक्य नाही. ही तिन्ही उत्तरे वाचकांनी स्वतः काढून पाहावीत.

शिवाय ध्वनीचाही विचार आहे. ताफा ३०० मीटर उंचीवर आहे असे समजा. तो बरोबर डोक्यावर असताना निघालेला आवाज आपल्यापर्यंत पोहोचण्यास जवळजवळ नऊ दशांश सेकंद लागतो, आणि तेवढ्यात विमान सुमारे १३५ मीटर पुढे सरकलेले असते. आवाजाच्या दिशेने पाहणाऱ्यास विमान भलतीकडेच दिसते, ते यामुळे.

या गणिताचा एक विलक्षण नमुना ७ फेब्रुवारी २०२१ रोजी फ्लॉरिडातील टँपा येथे दिसला. अमेरिकन फुटबॉलच्या पंचावन्नाव्या ‘सुपर बाउल’साठी तीन निरनिराळ्या जातींची बॉम्बफेकी विमाने एकत्र आली : बी-१, बी-२ आणि बी-५२. क्रमांकांची बेरीज करा; पंचावन्नच! यांतील बी-५२ जातीचे पहिले उड्डाण १९५२ सालचे, तर बी-२ चे १९८९ चे. ही तिन्ही विमाने एकाच तळावरची नव्हती. प्रत्येक दीड हजार किलोमीटरांहून अधिक अंतर कापून आलेले होते.

कौतुक करताना धोका विसरून चालणार नाही. ‘सूर्यकिरण’ पथक १९९६ साली बीदर येथे उभे राहिले. हे गाव १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते आणि त्या भागात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. या पथकाच्या दोन विमानांत कित्येकदा पाच मीटरांहूनही कमी अंतर असते. मार्च २००६ मध्ये बीदर येथेच सराव करताना दोन वैमानिक मृत्युमुखी पडले. फेब्रुवारी २०१९ मध्ये बंगळूर येथे सरावातच दोन विमाने एकमेकांवर आदळून आणखी एका वैमानिकाचा अंत झाला. हे दोन्ही प्रसंग क्रीडांगणावरचे नव्हते, हे खरे. पण कौशल्य तेच आणि माणसेही त्याच पथकाची. अमेरिकेत २० नोव्हेंबर २०१० रोजी आयोवा विद्यापीठाच्या क्रीडांगणावरून चार टी-३८ विमाने ठरलेल्या उंचीच्या पुष्कळ खाली आणि अधिक वेगाने गेली. प्रेक्षकांनी जल्लोष केला. वायुदलाने मात्र चौकशी करून आघाडीच्या वैमानिकावर कारवाई केली. माझ्या मते तेच योग्य झाले, कारण खाली हजारो माणसे बसलेली होती.

राहिला खर्च. अमेरिकन सैन्याचे म्हणणे असे की, वैमानिकांना सरावासाठी ठरावीक तास उडावेच लागते, ते तास क्रीडांगणावरून गेले म्हणून वेगळा भार पडत नाही. नेमक्या क्षणी नेमक्या स्थळी पोहोचणे हा त्यांच्या व्यवसायाचाच भाग असल्याने या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु फेब्रुवारी २०११ मध्ये टेक्सासमधील ‘सुपर बाउल’च्या वेळी क्रीडागृहाचे छप्पर बंद होते. नौदलाची विमाने वरून गेली, ती आत बसलेल्यांनी पडद्यावर पाहिली, आणि त्यासाठी सुमारे साडेचार लक्ष डॉलर लागल्याचे प्रसिद्ध झाले. सरावाचे समर्थन इथे मला तरी लंगडे वाटते. पुढे २०१३ साली सरकारी खर्चात कपात झाली, तेव्हा अशी उड्डाणे थांबविण्यात आली. नौदलाच्या ‘ब्लू एंजल्स’ पथकाचे त्या वर्षीचे बहुतेक कार्यक्रमही रद्द झाले. सामने अर्थातच विमानांवाचून चालू राहिले. २०१४ साली ते पथक पुन्हा आकाशात दिसू लागले.